हूवर धरणात माणसं गाडली गेली आहेत का? टूलबॉक्स टॉकसाठी अमेरिकेतल्या बांधकामांवरचे प्रश्न

विचारलं आहे ते थोडक्यात असं: साइटवर रोज सकाळी दहा मिनिटांचा टूलबॉक्स टॉक (काम सुरू होण्याआधीची सुरक्षेची चर्चा) असतो, हेल्मेट आणि बेल्टचं तेच ते ऐकून माणसं कंटाळली आहेत, म्हणून अमेरिकेतल्या प्रसिद्ध बांधकामांवर प्रश्न विचारायचे आहेत. मोबाइलवर फिरणाऱ्या दोन गोष्टी खऱ्या आहेत का? एक, हूवर धरणाच्या काँक्रीटमध्ये मजूर गाडले गेले. दोन, ते काँक्रीट अजून सुकतंय. आणि याशिवाय कोणते प्रश्न घ्यावेत?

पहिली गोष्ट खोटी आहे. दुसरीत थोडं तथ्य आहे, पण ज्या शब्दांत ती सांगितली जाते ते शब्द चुकीचे आहेत. दोन्हींची उत्तरं नीट सांगितली तर राफ्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या जाड सलग पायाच्या, काँक्रीटचा अख्खा धडा त्यात येतो, म्हणून सुरुवात हूवरपासूनच करा.

कोलोरॅडो नदीवरचं हे धरण ॲरिझोना आणि नेवाडा या राज्यांच्या हद्दीवर आहे. उंची २२१ मीटर, तळाशी जाडी सुमारे २०१ मीटर, माथ्यावर जेमतेम १४ मीटर. पहिलं काँक्रीट ६ जून १९३३ रोजी पडलं आणि धरणाचं शेवटचं २९ मे १९३५ रोजी. म्हणजे दोन वर्षांच्या आत नुसत्या धरणाच्या भिंतीत सुमारे २४.८ लाख घनमीटर काँक्रीट. हा आकडा माणसांच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. त्यापेक्षा बादलीचा हिशेब सांगा. काँक्रीट केबलवेला, म्हणजे दरीवर ताणलेल्या तारदोरांना, लटकणाऱ्या पोलादी बादल्यांतून यायचं आणि एका बादलीत ८ घनयार्ड, म्हणजे सुमारे ६ घनमीटर मावायचं. आपल्या ट्रान्झिट मिक्सरची एक गाडी म्हणजे हूवरची एक बादली. अशा चार लाखांहून जास्त बादल्या.

आता गाडलेल्या माणसाचं. धरण एकसंध ओतलेलं नाही. ते एकमेकांना खाचांनी अडकणाऱ्या उभ्या ठोकळ्यांचं आहे आणि प्रत्येक ठोकळा एका वेळी फक्त ५ फूट वाढवायचा, असा नियम होता. मोठे ठोकळे ५० फूट बाय ५० फुटांच्या आसपासचे. हिशेब फळ्यावर मांडा: ६ घनमीटर माल २२५ चौरस मीटरवर पसरला तर किती जाडी होईल? २७ मिलिमीटर. एका बादलीने पातळी एक इंचाने वाढायची. माणूस पडला तरी घोट्याच्या वर बुडणार नाही, आणि भोवती फावडी आणि व्हायब्रेटर घेऊन उभी असलेली टोळी त्याला पाहणारच. शिवाय धरणाच्या अंगात माणसाएवढी पोकळी राहू देणं कुठल्याही अभियंत्याला परवडणारं नव्हतं. त्या जागी पाण्याचा दाब फट शोधतो.

माणसं मात्र मेली, हे स्पष्ट सांगायला हवं. धरणाच्या कामावरच्या अपघाती मृत्यूंचा अधिकृत आकडा ९६ आहे. १९३३ मध्ये एका ठोकळ्याचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) फुटलं, ताजं काँक्रीट खाली कोसळलं आणि एक कामगार त्याखाली गेला. सुमारे १६ तास खणून त्याचा मृतदेह बाहेर काढला गेला. काँक्रीटने कामगार गाडला जाण्याची नोंद एवढी एकच आहे, आणि तोही आत राहिलेला नाही. त्या दिवशी कारण ठरलं ते शटरिंग. ताज्या काँक्रीटचा शटरवरचा दाब उंचीबरोबर वाढतो आणि ओतण्याचा वेग वाढला की आणखी वाढतो, कारण खालचा थर घट्ट व्हायच्या आत वरचा येऊन बसतो. कॉलम किंवा रिटेनिंग वॉल भरायच्या सकाळी हाच प्रश्न विचारा आणि पुढे लगेच टाय-रॉड, पाचर आणि तिरके टेकू तपासायला घ्या.

दुसरी गोष्ट, ‘काँक्रीट अजून सुकतंय’. इथे तीन वेगळ्या क्रिया एकाच शब्दात कोंबल्या जातात: काँक्रीट घट्ट होणं, गार होणं आणि ताकद धरणं. काँक्रीट सुकून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, आणि म्हणूनच आपण तराई करतो, म्हणजे पाणी देऊन ओल टिकवतो. साइटवर ‘सुकलं का?’ असं विचारतात त्यातूनच अर्धे घोटाळे होतात. सुकू दिलं तर ती क्रिया मध्येच थांबते.

या क्रियेत उष्णता निघते. पातळ स्लॅबमधून ती निघून जाते, जाड घटकात अडकते. अभियंत्यांनी काढलेल्या हिशेबाप्रमाणे हूवर धरण सलग ओतलं असतं तर ते गार व्हायला सुमारे १२५ वर्षं लागली असती, आणि तोवर आतल्या ताणांनी त्याला भेगा गेल्या असत्या. ‘अजून सुकतंय’ ही कथा बहुधा याच आकड्यावरून पसरली. पण तो आकडा जे केलं नाही त्याचा आहे. प्रत्यक्षात काय केलं ते असं: प्रत्येक ५ फुटांच्या थरात एक इंच व्यासाचे पोलादी पाइप टाकले, एकूण ९३५ किलोमीटरच्या आसपास. त्यातून आधी नदीचं पाणी फिरवलं, मग शीतकरण यंत्रणेतलं बर्फासारखं थंड पाणी. त्यासाठी धरणाच्या मधोमध ८ फूट रुंदीची खाच मोकळी ठेवली होती. ठोकळा गार होऊन जेवढा आकसायचा तेवढा आकसला की पाइपांत ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरायचं आणि ठोकळ्यांमधल्या फटींतही. सिमेंटही खास, कमी उष्णता देणारं वापरलं. एका ठोकळ्यावर ७२ तासांत ५ फुटांपेक्षा जास्त चढवायचं नाही, ही मर्यादाही त्याच कारणासाठी. त्यामुळे धरण बांधून होईतो त्याचं अंग गार झालेलं होतं.

ताकदीचं म्हणाल तर ती खरंच वाढत राहिली. १९९५ मध्ये काढलेल्या कोअरच्या (काँक्रीटला भोक पाडून काढलेल्या नमुन्याच्या) तपासणीत काँक्रीटची ताकद हळूहळू वाढत असल्याचं दिसलं. यात नशिबाचाही भाग आहे. हूवरला मिळालेली खडी सिमेंटमधल्या अल्कलीशी (क्षारांशी) प्रक्रिया न करणारी निघाली. त्याच नदीवर खाली असलेल्या पार्कर धरणाच्या काँक्रीटला नेमकी हीच प्रक्रिया भोवली आहे. नवी खाण सुरू झाली की खडीचे अहवाल पुन्हा का मागतात, असं कोणी विचारलं तर ही दोन धरणं सांगा.

राफ्टसाठी यातून काय घ्यायचं? दीड-दोन मीटर जाडीच्या राफ्टचा गाभा आणि पृष्ठभाग यांच्या तापमानातला फरक साधारण २० अंश सेल्सिअसच्या आत ठेवतात. त्यासाठी मालात फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी), मिक्सिंगच्या पाण्यात बर्फ, सावलीतली खडी, रात्रीचं काँक्रीट, आणि तळ, मध्य, वर अशा तीन पातळ्यांवर थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा). सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दुसऱ्या दिवशी तापलेल्या राफ्टवर गार पाण्याचा पाइप सोडणं. हेतू चांगला असतो, पण गाभा तापलेला आणि वरचा थर अचानक गार, म्हणजे तो २० अंशांचा फरक आपणच ओलांडतो आणि पृष्ठभागाला भेगा जातात. वर प्लॅस्टिक, त्यावर ओलं गोणपाट, लागलं तर थर्मोकोल घाला आणि उष्णता हळूहळू जाऊ द्या. पाणी द्यायचं ते आवरणाखाली ओल टिकवण्यापुरतं.

स्लॅब खोलायच्या आदल्या दिवशी हूवरचाच आणखी एक प्रश्न चालतो: गार झालेलं काँक्रीट ताकदवान झालेलं असतं का? नाही. हाताला गार आणि टणक लागणाऱ्या स्लॅबचे टेकू काढायचे की नाहीत हे हात सांगत नाही. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, दिलेले दिवस पाठ असावेत: साडेचार मीटरपर्यंत गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. बीम ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१. फ्लाय ॲश किंवा स्लॅग असलेल्या मालाला सुरुवातीची ताकद उशिरा येते, तिथे हे दिवस वाढतात.

धरणाची एक गोष्ट अभियंत्यांना वेगळी सांगावी. जलाशय भरल्यावर पायाच्या खडकातून गळती वाढली, कारण खडकात भरलेला ग्राउटचा पडदा अपुरा होता. तो पुरा करायला १९३८ ते १९४७ अशी नऊ वर्षं लागली. दोन वर्षांत उभ्या राहिलेल्या भिंतीच्या पायाची दुरुस्ती नऊ वर्षं! जमिनीखालचं काम दिसत नाही म्हणून घाईत उरकलं की त्याचं बिल पुढे असं येतं.

हेल्मेटचाही प्रश्न इथेच घ्या, कंटाळवाणा वाटणार नाही. कड्यांवरचे सैल खडक दोरीवर लटकून पाडणाऱ्या कामगारांवर वरून दगड यायचे. त्यांनी कापडी टोप्या डांबरात बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवून कडक केल्या. दगड लागून जबडा मोडला पण कवटी वाचली, अशी उदाहरणं दिसल्यावर मुख्य कंत्राटदाराने कारखान्यात बनलेल्या कडक टोप्या मागवल्या. ती टोपी कामगारांनी स्वतःहून घातली, कोणी सक्ती केली नव्हती. ती गरज कशी ओळखली, एवढं विचारा आणि त्यांना बोलू द्या.

पुढचा विषय ब्रुकलिन ब्रिज. न्यूयॉर्कमधला हा पूल २४ मे १८८३ रोजी खुला झाला, मुख्य गाळा ४८६ मीटरचा. त्याबद्दल विचारण्यासारखं खूप आहे, पण क्यूब टेस्टच्या (काँक्रीटचे छोटे ठोकळे दाबून ताकद तपासण्याच्या) दिवशी एकच प्रश्न घ्या: पुलाच्या चारही केबल्समध्ये निकृष्ट तार कशी गेली, तपासणी तर प्रत्येक रिळाची होत होती?

तारेचा पुरवठादार जे. लॉइड हेग चांगली तार तपासायला द्यायचा. ती पास व्हायची, प्रमाणपत्र मिळायचं. मग कारखाना ते पूल या वाटेत पास झालेली तार उतरवून तिच्या जागी नापास तार गाडीत चढायची, आणि चांगली तार परत तपासणीला यायची. १८७८ मध्ये हे उघड झालं तोवर बरीच खराब तार केबलमध्ये ओवली गेली होती आणि ती उपसून काढणं शक्य नव्हतं. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याने केबलची ताकद गरजेच्या सहापट धरली होती. त्या राखीव ताकदीचा हिशेब करून प्रत्येक केबलमध्ये सुमारे १५० जास्तीच्या तारा घालण्याचा निर्णय झाला, पुरवठादाराच्या खर्चाने. ती खराब तार आजही पुलात आहे.

फॅक्टर ऑफ सेफ्टी कशासाठी असतो, हे मला यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही. पण तो आपण खायचा नसतो. तपासणीचा खरा कच्चा दुवा प्रयोगशाळा नाही, वाट आहे. क्यूब कुठल्या गाडीतून घेतले? साच्यावर तारीख, ग्रेड आणि जागा कोणी, कधी लिहिली? स्टीलची टेस्ट झालेली बार आणि साइटवर उतरलेला माल एकाच हीटचा (भट्टीतल्या एकाच ओतीचा) आहे का, टॅग जुळतो का? आयएस ४५६ प्रमाणे ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, १५ पर्यंत दोन, ३० पर्यंत तीन, ५० पर्यंत चार, आणि एका नमुन्याचे तीन क्यूब. संख्या सगळे पाळतात. पण ‘चांगल्या गाडीचे क्यूब घे’ असं कोणी म्हणालं की १८७८ ची तारच पुन्हा ओवली जाते. नमुना पंपाच्या तोंडाशी, निवड न करता घ्यायचा, आणि गाडीत चालकाने पाणी वाढवलं असेल तर पाणी वाढवल्यानंतरचा.

पायाच्या कामावर असाल तर याच पुलाचे कॅसन घ्या. लाकडाची प्रचंड उलटी पेटी नदीत बुडवायची, आत दाबाची हवा भरून पाणी बाहेर ठेवायचं, आत माणसं खणत राहतात आणि वर दगडी मनोरा चढत जातो, त्याच्या वजनाने पेटी खाली जाते. ब्रुकलिनच्या बाजूचा पाया १३.६ मीटरवर थांबला, मॅनहॅटनच्या बाजूचा २४ मीटरवर, आणि तोही खडकावर नाही तर घट्ट बसलेल्या वाळूवर. जास्त खोलीवर काम करून एअरलॉकमधून (आत-बाहेरच्या दाबामधल्या बंद खोलीतून) भराभर बाहेर पडणाऱ्या माणसांचे सांधे असह्य दुखायचे, काहींना लकवा व्हायचा, काही दगावले. खुद्द रोबलिंग त्याने कायमचा अधू झाला. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब झटकन उतरला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सोड्याची बाटली हळू आणि झटकन उघडून दाखवा, वेगळं काही समजवावं लागत नाही. उपाय एकच: बाहेर येताना दाब हळूहळू उतरवणं. भुयारी मेट्रोच्या मशीनच्या तोंडाशी दाबाच्या हवेत जाऊन कटर बदलणाऱ्यांना आजही तेवढा वेळ लॉकमध्ये बसावंच लागतं.

बाहेरची परांची चढत असेल तर गोल्डन गेट. सॅन फ्रान्सिस्कोच्या या पुलाचं काम ५ जानेवारी १९३३ रोजी सुरू झालं, गाळा १,२८० मीटर. डेकच्या कामाखाली पूर्ण लांबीची जाळी बांधली होती, त्या काळात हे नवलच होतं. जाळीने १९ जणांचे प्राण वाचवले. प्रश्न त्यापुढचा घ्या: मग १७ फेब्रुवारी १९३७ रोजी दहा माणसं कशी गेली? डेकखाली सरकणारा सुमारे ५ टनांचा फिरता प्लॅटफॉर्म निसटला आणि माणसांसकट जाळीवर पडला. जाळी पडणाऱ्या माणसासाठी होती, पडणाऱ्या प्लॅटफॉर्मसाठी नव्हती. जाळी फाटली. त्यावरचे बारा जण खाली गेले, दोन वाचले. सेफ्टी नेटमध्ये आपण फळ्या, कपलर, सळ्यांचे तुकडे साठू देतो. त्या प्रत्येक तुकड्याने जाळीची शिल्लक क्षमता कमी होते आणि पडणारा माणूस त्या सळ्यांवर पडतो. जाळी रोज रिकामी करायची. आणि लटकत्या पाळण्यावर काम असेल तर बेल्टचा हुक पाळण्याला न लावता इमारतीला बांधलेल्या वेगळ्या लाइफलाइनला लावायचा.

मृत्यूंच्या आकड्यांवर ‘पर्याय निवडा’ छापाचे प्रश्न मात्र ठेवू नका. आकडा उत्तरात येऊ दे, कोड्यात नको.

फॅब्रिकेशनच्या टोळीसाठी कॅन्सस सिटीच्या हॉटेलमधला १७ जुलै १९८१ चा अपघात. हयात रिजन्सीच्या दालनात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरचे लटकते पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ नकाशात छतापासून एकच लांब सळई चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार दुसऱ्या मजल्यापर्यंत जात होती. एवढ्या लांबीला आटे पाडणं आणि नट चढवणं कटकटीचं, म्हणून सळईचे दोन तुकडे केले: एक छतापासून चौथ्यापर्यंत, दुसरा चौथ्याच्या बीमपासून दुसऱ्यापर्यंत. दिसायला किरकोळ बदल. पण आता चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटावर एकाऐवजी दोन पुलांचा भार आला.

हे दोरी आणि दोन माणसांनी दाखवा. वरून एक दोरी सोडा, दोघांनी ती वेगवेगळ्या जागी धरायची. दोरीवर दोघांचा भार, पण प्रत्येकाच्या मुठीवर फक्त स्वतःचा. आता दुसऱ्याने पहिल्याच्या पट्ट्याला बांधलेली वेगळी दोरी धरायची. वरच्याची मूठ सुटते. जमिनीपासून अर्ध्या फुटावर करा, गादी ठेवा. त्या जोडाची मुळातली रचनाही नियमांपेक्षा कमजोर होती, म्हणजे राखीव ताकद नव्हतीच, आणि त्यात भार दुप्पट झाला. सोयीसाठी केलेला जोडणीतला कुठलाही बदल, मग तो बोल्टची जागा अर्ध्या इंचाने सरकवण्याचा का असेना, डिझाइनरकडे आकड्यांसह जायला हवा. ‘सर हो म्हणाले फोनवर’ हे उत्तर तिथेही चाललं नाही. जबाबदार अभियंत्यांचे परवाने गेले.

एम्पायर स्टेट बिल्डिंग सगळ्यांना हवी असते. ४१० दिवसांत ३८१ मीटर, १०२ मजले, १ मे १९३१ ला उद्घाटन. वेगाचं कारण घाई नव्हतं. रस्त्यावर माल साठवायला जागाच नव्हती, म्हणून लागेल तेव्हा, लागेल तेवढंच पोलाद यायचं, आणि मजल्यामजल्यावर रूळ टाकून ट्रॉल्यांनी विटा पोचवायचे. कॅन्टीन मजल्यांवर नेलं होतं, जेवायला खाली उतरून पुन्हा चढण्यात तास जाऊ नये म्हणून. प्रश्न विचारायचा तर असा: आपल्या साइटवर एक वीट ट्रकमधून भिंतीपर्यंत जाताना किती वेळा हातात घेतली जाते?

टाइल्स किंवा दर्शनी दगडाचं काम सुरू व्हायच्या दिवशी वॉशिंग्टन स्मारकाचा फोटो दाखवा. १६९ मीटर उंच पांढरा स्तंभ, खालून साधारण पन्नास मीटरच्या आत त्याचा रंग बदलतो. काम १८४८ मध्ये सुरू झालं, पैसे संपले, १८५४ मध्ये थांबलं. पाया रुंद आणि खोल करून १८८० मध्ये पुन्हा चढवायला घेतलं, तेव्हा संगमरवर दुसऱ्या खाणींचा आला. लावताना रंग जुळल्यासारखा वाटत होता. ऊन-पावसाने त्याचा फरक उघडा पाडला आणि दीडशे वर्षं तो रोज दिसतो आहे. म्हणून खोक्यावरचा शेड आणि बॅच नंबर वाचायचा, एका दर्शनी भिंतीला एकच बॅच, पाच ते दहा टक्के जास्तीचा माल पहिल्याच खेपेला मागवायचा, आणि दोन बॅच घ्याव्याच लागल्या तर जोड कोपऱ्यात किंवा खोबणीत लपवायचा.